दार नसलेला दिवा

फोन वहिनींचा होता आणि उचलला भाऊजींनी. यात नवीन काही नव्हतं. वहिनींचा फोन रात्री स्वयंपाकघरात किटलीशेजारी चार्जिंगला लागलेला असायचा, सकाळी वहिनी अंघोळीला गेलेल्या असायच्या, आणि त्या वेळात जो कोणी फोन करील त्याच्या वाट्याला भाऊजी यायचे. विमा विकणारे, मोफत डोळे तपासून देणारे, पाणी शुद्ध करायचं यंत्र गळ्यात मारणारे, सगळ्यांना भाऊजी एका शब्दात वाटेला लावत. 'नको.' तो शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर बसलेलाच असायचा. त्यामुळे आज सकाळी एका अनोळखी बाईने जरा घाईतच, "त्या शिवणकामवाल्या बाई आहेत का? खोलीचं विचारायचं होतं. संध्याकाळपर्यंत कळवा म्हणावं, नाहीतर दुसरी एक मुलगी मागे लागली आहे, तिला देऊन टाकते," असं म्हटलं, तेव्हाही जीभ सवयीने म्हणाली, "नको." पलीकडची बाई म्हणाली, "नको? नक्की ना? नाटक कंपनीत कपडे शिवायला येणार, एकट्याच राहणार, म्हणून मी थांबवून ठेवली होती हो." आता सगळं ऐकू आलं होतं, समजलंही होतं. "नको आहे खोली," ते पुन्हा म्हणाले आणि फोन ठेवला. पहिलं 'नको' जिभेचं होतं. दुसरं त्यांचं स्वतःचं होतं. मग त्यांच्या अंगठ्याने स्क्रीनवरचा तो नाव नसलेला नंबर पुसून टाकला आणि फोन होता तसा पालथा ठेवला. न्हाणीघरात तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. "भाऊजी, तुमची टोपी घेतलीत का? बोटीत ऊन लागेल," वहिनींनी आतून विचारलं.

सहलीचं वहिनींनीच काढलं होतं. दिवसभराची सहल, सकाळी पाणथळीत बोट, दुपारी कारागिरांची गावं, संध्याकाळी घरी. वहिनी कधी काही काढत नसत. काढायचे ते भाऊजी, आणि वहिनी 'बरं' म्हणायच्या. म्हणून आठवड्यापूर्वी जेवताना त्यांनी, "चला ना, एकदा कुठेतरी जाऊन येऊ," असं म्हटलं तेव्हा भाऊजी इतके खूश झाले, की त्यांनी कारणच विचारलं नाही. कारण आता कळलं होतं. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी लहान पोराला गोड गोळी देतात, तशी ही बोट होती. दादा गेला तेव्हा भाऊजी दोन खोल्या भाड्याने घेऊन वेगळे राहत होते आणि लग्नाचं बघत होते. चार दिवस वहिनींच्या सोबतीला म्हणून ते आले आणि राहिले. पुढे लग्नाचं बघणं कुणी थांबवलं नाही, ते आपोआप थांबलं. बिल्डिंगमधल्या पोराटोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊजीच म्हणू लागले. त्यांचं स्वतःचं नाव फक्त लिफ्टच्या कंपनीत, ओळखपत्रावर उरलं. तिथे ते देखभाल विभागात होते. मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट, आतून दारावर बुक्क्या मारणारी माणसं, आणि बाहेरून फटीला तोंड लावून समजूत घालणारे भाऊजी. "घाबरू नका. दार ओढू नका. मी आहे इथे. मी सांगेन तसं करा." कामावर लोक म्हणायचे, भाऊजींचा आवाज ऐकला की अडकलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. भाऊजींना त्या आवाजाचा अभिमान होता. दार उघडल्यावर माणसं त्यांचा हात हातात घेत, काही रडत, आणि मग घाईघाईने जिन्याने निघून जात. त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा भेटलं नाही याचं भाऊजींना कधीकधी उगाचच वाईट वाटे.

बस छोटी होती. गाइड मुलगी हातात माइक घेऊन उलटी उभी राहिली होती आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला की न पडता हसायची, हे तिचं कसब होतं. "जोडीजोडीने बसा हं, म्हणजे मला मोजायला बरं," ती म्हणाली आणि भाऊजी-वहिनींकडे बघून, "काका-काकू, तुम्ही पुढे या." असं नेहमी व्हायचं. दुकानात, बँकेत, लग्नाकार्यात. नेहमी भाऊजी लगबगीने दुरुस्त करायचे, "माझ्या वहिनी आहेत," आणि ते म्हणताना त्यांना आपण फार सज्जन असल्यासारखं वाटायचं. आज मात्र ते नुसतेच टोपी नीट करत राहिले. वहिनी खिडकीकडे सरकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे माझे दीर." गाइड मुलीने जीभ चावली. मागच्या सीटवरच्या एका मास्तरीणबाईंनी "अस्सं" म्हटलं आणि पुढचा सगळा रस्ताभर त्या भाऊजींच्या मानेकडे बघत असाव्यात, कारण मान तापली होती. एक पूल आला. गाइड मुलगी म्हणाली, "आता फोन बॅगेत टाका मंडळी! या पुलाच्या पुढे रेंज नाही. संध्याकाळी परत पुलावर आलो की जगात याल." सगळे हसले. वहिनींनी फोन काढून एकदा पाहिला. भाऊजींनीही तिरक्या नजरेने पाहिला. वहिनींनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. आता संध्याकाळपर्यंत काही होऊ शकत नव्हतं. भाऊजींना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली, पण ती नंतर, आणि कमी.

बोट लांबुळकी आणि चपट्या बुडाची होती. नावाडी माणसांना सामानासारखं इकडून तिकडे हलवत होता. "तुम्ही इकडे. बाई, तुम्ही त्यांच्या समोर. एकमेकांकडे बघून बसा, म्हणजे बोट डोलत नाही." आयुष्यभर जेवणाच्या टेबलाशी ते समोरासमोरच बसत आले होते, पण मध्ये ताटं असायची, वरून दिवा असायचा. इथे मध्ये फक्त बोटीच्या तळात साचलेलं इवलंसं पाणी होतं आणि त्यात वहिनींच्या चपलेचा अंगठा भिजत होता. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बोरू उभे होते. नावाड्याने बांबू रोवला, बोट सरकली, मागची वाट बोरूंनी मिटून घेतली. कुजलेल्या पानांचा गोडसर वास येत होता. वहिनींनी हात पाण्यात सोडला होता. बोटांमागे पाण्याच्या दोन रेघा उमटत होत्या. या बायकांना हे कुठून सुचतं, भाऊजींच्या मनात आलं, सगळं ठरवायचं, खोली बघून यायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कधी गेल्या असतील? बहिणीकडे म्हणून गेल्या होत्या तेव्हा? त्या वेळी भाऊजी स्टँडवर सोडायला गेले होते, परतीचं तिकीटही त्यांनीच काढून पर्समध्ये ठेवलं होतं, म्हणजे वहिनींना धावपळ नको. असं ते नेहमीच करत. वहिनी कपड्यांच्या दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायच्या, दुकान बंद व्हायच्या वेळी भाऊजी फूटपाथवर हजर असायचे. पाऊस असो, नसो. एकदा वहिनी म्हणाल्या होत्या, "आज मी मैत्रिणींबरोबर येईन," तर भाऊजी "हो, हो, या की," म्हणाले आणि पलीकडच्या फूटपाथवर उभे राहिले, उगाच, काळजी म्हणून. मागे एकदा दुसऱ्या एका शहरातून कामाचं बोलावणं आलं होतं. वहिनींनी ते सांगितलं त्या रात्री भाऊजींना ताप भरला. खरा ताप होता तो, थर्मामीटरने दाखवलेला. वहिनींनी उशाशी बसून पट्ट्या ठेवल्या आणि बोलावण्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. मी काय मुद्दाम आजारी पडलो होतो का, भाऊजींनी समोरच्या बोरूंना विचारलं. ताप काय माझ्या हातात होता?

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"तो बघा, पाणकावळा!" भाऊजी जवळजवळ ओरडले. खांबावर एक काळा पक्षी पंख पसरून वाळवत बसला होता. सगळी बोट तिकडे वळली आणि डोलली. नावाडी चिडला. वहिनींनी पाणकावळा पाहिला, पाहायला हवा तेवढा वेळ पाहिला. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "मी काय म्हणत होते," आणि भाऊजींना कमळाच्या पानांवरून चालणारा एक लांब बोटांचा पक्षी सापडला. मग एक बगळा. मग नुसताच एक पोकळ आवाज, "ऐकलंत का? कसला असेल?" पक्षी संपले तेव्हा त्यांनी नावाड्याला विचारलं, पाणी किती खोल आहे. नावाड्याने बांबू वर काढून चिखलाची खूण दाखवली. "माणूस बुडायचा नाही," तो म्हणाला, "पण रुतला तर धडपडू नये. धडपडला की आणखी खाली जातो." हे मी रोज लोकांना सांगतो, भाऊजींना वाटलं, आणि आज आपण बोटीत बसून दिवसभर धडपडतो आहोत. वहिनींनी पाण्यातून हात काढला, पदराला पुसला आणि भाऊजींकडे बघून हसल्या. ते हसू भाऊजींनी ओळखलं. शिवताना दोऱ्याची गुंतवळ झाली, की वहिनी दात न दाखवता तसंच हसत आणि कात्री न घेता नखाने एकेक फेर सोडवत बसत.

कुंभारांच्या गावात भाऊजी फक्त चालले. चाकं फिरत होती, मडकी चढत होती, मास्तरीणबाई प्रत्येक मडक्यावर टिचकी मारून बघत होत्या. सावलीत ओल्या मातीचा गारवा होता. भाऊजींच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. सांगितलं नाही, तर काय होईल? खोली जाईल. खोली नाही म्हटल्यावर वहिनी गोंधळतील, काम पुढे ढकलतील, मग दिवस जातील. कुणाचं नुकसान? शिवाय घर वहिनींचंच होतं, दादाने घेतलेलं. घर सोडून कुठे जायचं माणसाने? नाही म्हटलं तरी आपण त्यांचं भलंच केलं. हा शेवटचा विचार भाऊजींनी दोन-तीनदा केला, पण तो मनात उभाच राहीना, पाय मोडलेल्या स्टुलासारखा कलंडत राहिला. त्यांना संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडणारा स्वतःचा हात दिसायला लागला. टेबलावर एक ताट. घर खायला उठेल. उठेल काय, आत्तापासूनच उठलं होतं, इतक्या दूर, परक्या गावाच्या धुळीत.

दुसरं गाव पिंजऱ्यांचं होतं. अंगणाअंगणात बायका बसून बांबूच्या कामट्या विणत होत्या, आणि एका ओसरीवर, आढ्याला टांगलेला, भाऊजींना आपल्या घरातला दिवा दिसला. तोच. मधे फुगीर, टोकाला निमुळता, तशाच तिरक्या वीणीचा. दादा गेल्यावर वर्षभराने वहिनींनी तो एका प्रदर्शनातून आणला होता. घरात आनंदाने आणलेली ती पहिली वस्तू. वायरिंग भाऊजींनी केलं होतं, स्टुलावर चढून, आणि वहिनींनी खालून स्टूल धरलं होतं. तेव्हापासून रोज रात्री त्या दिव्याखाली दोघांची ताटं मांडली जात आणि कामट्यांच्या सावल्या ताटांवर, हातांवर, वहिनींच्या कपाळावर पडत. "अय्या, आपला दिवा!" वहिनी म्हणाल्या. विणणारी बाई खळखळून हसली. "दिवा कसला हो ताई? मासे धरायचा पिंजरा आहे तो. शहरातली माणसं येतात, आत बल्ब घालतात, आम्हाला काय? आम्ही देतो. दिव्यासाठी वेगळे विणतो आता, स्वस्तात. दार नसलेले."

"दार?" वहिनींनी विचारलं.

बाईने मांडीवरचा पिंजरा फिरवून दाखवला. पुढच्या तोंडातून आतल्या बाजूला कामट्यांची टोकं वळवलेली होती, नरसाळ्यासारखी. मासा आत जाताना टोकं मऊपणे बाजूला होतात, त्याला कळतही नाही. बाहेर यायला वळला, की तीच टोकं तोंडावर येतात. मागच्या अंगाला एक लहानसं झाकण होतं, दोरीने बांधलेलं. मासे काढायचे ते तिथून. "दिव्याला दार कशाला?" बाई म्हणाली. "त्यातून काय बाहेर काढायचंय?" सगळे हसले. भाऊजीही हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड तसंच राहून गेलं. परतीचं तिकीट. फूटपाथ. ताप. किटलीशेजारचा फोन. एकेक कामटी किती मऊ होती. त्यातली एकही त्यांनी वाईट मनाने विणली नव्हती, हे ते कुणापुढेही शपथेवर सांगू शकले असते.

"घाला, घाला हात, बघा तरी," बाईने पिंजरा वहिनींपुढे धरला. वहिनींनी हात घातला. मनगट गेलं, घड्याळ गेलं, कोपराच्या थोडं अलीकडे हात थांबला. "अगदी अलगद गेला," वहिनी म्हणाल्या आणि मागे ओढला. टोकं घड्याळाच्या पट्ट्यात आणि कातडीत रुतली. "आई गं." मास्तरीणबाईंनी मोबाइलने फोटो काढला. वहिनींनी पुन्हा ओढला. आता त्या हसत नव्हत्या. "ओढू नका," भाऊजी म्हणाले, "दार ओढू..." आणि थांबले. तोच आवाज होता, फटीला तोंड लावून बोलायचा. विणणाऱ्या बाईने एव्हाना दुसरा पिंजरा विणायला घेतला होता, तिचे दोन्ही हात ओल्या कामट्यांत गुंतले होते. तिने हनुवटीनेच भाऊजींना खूण केली. "दादा, तुम्ही मागची दोरी सोडा. आत हात घालून टोकं फाकवून धरा, म्हणजे ताईंचा हात सुटेल. एकट्याने होत नाही ते, दुसरं माणूस लागतं."

भाऊजी गुडघ्यांवर बसले. गाठ घट्ट होती, पण त्यांच्या बोटांना असल्या गाठी नवीन नव्हत्या. झाकण उघडलं. त्यांनी हात घातला. आत काळोख होता, कामट्यांना चिखलाचा आणि कसल्याशा जुन्या पाण्याचा वास होता. टोकं चाचपताना त्यांच्या बोटांना वहिनींची बोटं लागली. इतक्या वर्षांत ती बोटं त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवून गेली होती, हातात चहाचा कप देऊन गेली होती, पण भाऊजींनी स्वतःहून कधी त्यांना हात लावला नव्हता. ती त्यांना वाटत होती त्यापेक्षा खरखरीत होती. सुईने घट्टे पडले होते. भाऊजींनी मनगटाने टोकं बाजूला रेटली. कामट्या त्यांच्या हातावर कचकचून टेकल्या, रक्त आलं असावं. "आता काढा ताई," बाई म्हणाली. हात निघेना. "काढा की." वहिनींनी ओढून पाहिलं, निघेना, आणि मग भाऊजींच्या ध्यानात आलं की तो कामट्यांनी अडवलेला नाही. त्यांच्या मुठीत वहिनींची बोटं होती. मूठ केव्हा मिटली ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. हेच तर भयंकर होतं, आश्चर्य नव्हतं. जे भाऊजींनी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं, ते वहिनींना फार पूर्वीपासून माहीत होतं आणि त्या त्याच्या समोर बसून रोज जेवत आल्या होत्या.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. एवढंच.

भाऊजींनी मूठ उघडली.

परतताना बसमध्ये बहुतेक जण पेंगत होते. मास्तरीणबाईंच्या मांडीवर दिव्याचा एक पिंजरा होता आणि तो प्रत्येक खड्ड्याला उडत होता. खिडकीबाहेर पाण्यावरचं ऊन तांबूस होऊन उतरत चाललं होतं. भाऊजींनी मनगटाला रुमाल गुंडाळला होता. सांगून टाकावं. काय सांगावं? जीभ चुकली म्हणावं? अर्धं तरी खरंच होतं ते. किंवा तोंड मिटून बसावं, पूल यायला अजून अवकाश होता, पूल आला तरी वहिनी लगेच फोन काढतीलच असं नाही, आणि संध्याकाळ ही अशी गोष्ट आहे की नुसतं बसून राहिलं तरी ती होऊन जाते. होऊ दे. काही करायचंच नाही, फक्त बसून राहायचं. या विचाराने त्यांना क्षणभर अगदी गुंगी आल्यासारखं गोड वाटलं, आणि त्या गोडीचीच त्यांना शिसारी आली. आपण बसून राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. आणि मग, आता पुन्हा विचार केला तर होणार नाही म्हणून, ते बोलले.

"वहिनी, सकाळी तुमचा फोन वाजला होता. खोलीवाल्या बाई. संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाल्या." आवाज फटीतून यावा तसा येत होता, पण या वेळी आत तेच होते. "मी नको म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं. नंबर पण पुसून टाकला."

वहिनींनी खिडकीची काच सरकवून बंद केली, कारण वारा फार होता. मग त्या सीटवर थोड्या पुढे सरकून बसल्या, उतरायचं ठिकाण जवळ आल्यावर माणूस बसतो तशा, आणि त्यांनी पर्समधून फोन काढून हातात धरला. दोघंही त्या स्क्रीनकडे बघत राहिले. रेंजच्या जागी फुली होती. भाऊजींना वाटलं, रस्ता असाच चालत राहावा. भाऊजींना वाटलं, पूल आत्ताच्या आत्ता यावा. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं. बस चढणीला लागली, चाकांचा आवाज बदलला, पोकळ झाला, खाली पाणी आलं. फुली गेली.

वहिनींनी फोनमधली नंबरांची यादी उघडली नाही. त्यांचा अंगठा एकेका आकड्यावर न अडखळता पडत गेला, शेवटपर्यंत. नंबर त्यांनी फोनमध्ये ठेवलाच नव्हता, पाठ केला होता. भाऊजी त्या अंगठ्याकडे बघत होते. ज्या घरात आपला फोन दुसरंच कुणी उचलतं, त्या घरात नंबर कुठे ठेवायचा, हे वहिनींना ठाऊक होतं.

"हॅलो, हो, मीच. सकाळी ना? हो, हो. ते घरातले आहेत आमचे. चुकून म्हणाले," वहिनी म्हणाल्या. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. भाऊजींनी रुमाल आवळून धरला. "दिली नाही ना अजून? मग हवी आहे. पहिल्या तारखेपासून. एकटीच." मग ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "नाही, नाही. न्यायला-आणायला कुणी येणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. दिवे लागलेलं शहर समोर वाढत होतं. मग वहिनींनी भाऊजींचा हात मांडीवरून उचलला, रुमाल सोडला, ओरखडे उजेडाकडे धरून पाहिले आणि पुन्हा नीट, नको इतका आवळणार नाही असा, बांधून दिला.

"घरी गेल्यावर औषध लावा," त्या म्हणाल्या. "कपाटात वरच्या खणात आहे. बघून ठेवा कुठे आहे ते."